नदावच्या प्रोग्रॅममधली जादा ओळ

नदाव वरसोलकरने आमच्या दाराची बेल कधीही वाजवली नाही. तो दाराबाहेर येऊन उभा राहायचा आणि मोबाइलवरून मला निरोप पाठवायचा, ‘मी दाराबाहेर आहे.’ माझा मोबाइल पर्समध्ये, पर्स कपाटात आणि कपाटाला किल्ली. पाच-सात मिनिटं वाट बघून मग तो फोन करायचा आणि विचारायचा, दोदा, निरोप मिळाला का? मी पिठाचे हात पुसत, कपाट उघडून, पर्स शोधून, चष्मा लावून म्हणायचे, नाही रे बाबा, तू आहेस कुठे? तो म्हणायचा, दाराबाहेर.

बेल वाजवलीस तर तुझं बोट झिजेल का, असं मी एकदा त्याला विचारलं. त्याने मला शांतपणे समजावून सांगितलं. बेल हे मागासलेलं यंत्र आहे. ती वाजली की माणसाला हातातलं काम टाकून उठावंच लागतं. निरोपाचं तसं नाही, तो आपल्या सवडीने वाचता येतो. मी म्हटलं, पण माझी सवड होईपर्यंत तू बाहेर ताटकळत उभा असतोस त्याचं काय? त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, “हो, ते अजून बीटा आहे.”

हे त्याचं पालुपद. बीटा म्हणजे पुरतं शिजलेलं नाही, पण लोकांना चाखायला दिलेलं आहे असं सॉफ्टवेअर. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट आहे. त्या दिवसांत इंटरनेटवर जे जे नवं निघे ते सगळं बीटाच असे म्हणे. नदावही तसाच. नव्या इलेक्ट्रिक वस्तऱ्याचं चार्जिंग मध्येच संपलं म्हणून अर्धी दाढी ठेवून कॉलेजात गेला, ते बीटा. खिचडीतली डाळ कडकड वाजली, तेही बीटा. लग्नाचं कधी करतोस, असं विचारलं तर काय उत्तर यायचं ते तुम्हीच ओळखा.

नदाव तेव्हा चोवीस वर्षांचा होता. सैन्यातली तीन वर्षं उरकून दक्षिणेकडच्या एका कॉलेजात कम्प्युटर शिकत होता, आणि लोदला आमच्या वरच्या मजल्यावर आजीच्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होता. आई एलातला हॉटेलात नोकरीला. वडील तो सहा वर्षांचा असताना कॅनडाला गेले ते तिकडचेच झाले. पोराला वाढवलं वडिलांच्या आईने, सेगुलाबाईने. ती चौलकडची. ती गेल्यावर फ्लॅट, स्टीलच्या डब्यांची मांडणी आणि तिचं मराठी, एवढी इस्टेट नदावकडे आली.

त्या मराठीची गंमत अशी, की जगातली सगळ्यात नवी यंत्रं तो सत्तर वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या बाईच्या भाषेत समजावून सांगायचा. बोटाएवढी मेमरी स्टिक पहिल्यांदा आणली तेव्हा म्हणाला, “दोदा, ह्या काडीत आख्खी माडी मावेल, वर पडवीपण.” कम्प्युटर बंद पडला की निजला, फारच बिघडला की त्याला वारं लागलं. मध्येच शब्द अडला की हिब्रूत शिरायचा आणि चार वाक्यांनंतर पुन्हा चौलला उगवायचा. मला दोदा म्हणायचा, म्हणजे हिब्रूतली आत्या किंवा मावशी. हिब्रूत अहो-जाहो नाही, त्यामुळे मी, कॉलेजच्या प्राध्यापक आणि शहराचे महापौर सगळे त्याला ‘तू’. आम्हा मुंबईकडच्या माणसांना पहिली दहा वर्षं हे टोचतं, मग सवय होते.

सेगुलाबाईची मांडणी त्याने हलवली नव्हती, फक्त आतला माल बदलला होता. तूरडाळीच्या डब्यात चार्जर, रव्याच्या डब्यात वायरी, बेसनात मेलेल्या फोनांच्या बॅटऱ्या. डब्यांवरची मराठी लेबलं त्याला वाचता येत नव्हती, पण आजी कुठल्या डब्याला काय म्हणायची ते पाठ होतं. ‘दोदा, रव्यातली जाडी वायर दे’ असं तो अगदी सहज म्हणायचा. मीही एकदा माझ्या लेकीला फोनवर सांगून बसले, की तुझा जुना चार्जर मिळाला गं, तूरडाळीत होता. ती बिचारी त्या रविवारी माझी तब्येत बघायला नेतान्याहून आली.

ईमेलचा असाच किस्सा. तेव्हा कुठलासा नवा ईमेल निघाला होता, तो फक्त आमंत्रणावर मिळायचा. नदावला दोन आमंत्रणं मिळाली. त्यातलं एक मला द्यायला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, लग्नाची पत्रिका द्यायला यावं तसा. मी म्हटलं, मला कुणाला पत्रं लिहायची आहेत? तो म्हणाला, नसेना का, पण जागा बघ किती आहे. मग त्याने मला खातं उघडून दिलं. जगात त्या खात्यावर मला लिहिणारा माणूस एकच, तो वरच्या मजल्यावरून इंग्रजी अक्षरांत लिहायचा, ‘दोदा, कोथिंबीर आहे का?’ मी बाल्कनीत जाऊन वर तोंड करून सांगायचे, आहे, ये घेऊन जा. मग तो यायचा आणि दाराबाहेरून निरोप पाठवायचा.

इमारतीच्या कमिटीला त्याने एक वेबपान करून दिलं. त्यावर इमारतीचे नियम होते, आणि त्यातली नवलाई ही, की ते कुणालाही बदलता येत होते. लोकांनी मिळून लिहिलेले नियम लोक पाळतात, असं त्याचं म्हणणं. दोन दिवसांत तळमजल्यावरच्या शोताने, हा जॉर्जियाचा माणूस, पार्किंगच्या सगळ्या जागा स्वतःच्या नावे करून घेतल्या. चौथ्या मजल्यावरच्या रशियन ल्युदमिलाबाईंनी लहान मुलांना दुपारी चारच्या आधी जिन्यात बंदी घातली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, की शोताला जिन्यात बंदी आहे. मी नदावला म्हटलं, बघ काय करून ठेवलंस. तो आनंदाने फुलला होता. “बघ ना दोदा, लोक भाग घेतायत,” तो म्हणाला.

आता एवढ्या हुशार पोराने माझ्यासारखीच्या मागे का लागावं? त्याला कारण माझी दहा बोटं. मी लग्नाआधी मुंबईला एका शिपिंग कंपनीत टायपिस्ट होते. एकाहत्तर साली नवऱ्याबरोबर इथे आले आणि पुढची तीस वर्षं कुपात होलिमच्या दवाखान्यात आजाऱ्यांची कार्डं लिहिली, पण बोटं विसरली नव्हती. नदाव आयुष्यभर दोन बोटांनी टायपायचा. एकदा त्याच्या बोटाला कापलं म्हणून मी त्याचा इंग्रजी निबंध टायपून दिला, तोही खिडकीबाहेर बघत. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच बाजारात आलेलं नवं मॉडेल आहे. दुसऱ्या दिवशी दोन मित्रांना मला दाखवायला घेऊन आला. मित्रांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या चकल्या संपवल्या.

हे सगळं खरं असलं तरी पोराच्या हातून एकही गोष्ट पुरी होत नव्हती. एक सुरू केली की बाजारात दुसरं काही येई आणि त्याचं चित्त तिकडे. कॉलेजचं शेवटचं प्रोजेक्ट त्याने दोनदा पुढे ढकललं होतं. ओर्ना नावाच्या त्याच्या प्राध्यापकबाईंनी बजावलं होतं, की पुढल्या हिवाळ्यात ही शेवटची संधी. नुसतं दाखवायचं खेळणं नको, इंटरनेटवर चालणारं सॉफ्टवेअर हवं आणि खरोखरची दहा माणसं ते वापरताना दिसली पाहिजेत. नाहीतर पदवी नाही. तेल अवीवजवळच्या एका कंपनीने त्याला नोकरी कबूल केली होती, पण पदवीचा कागद हातात आल्यावर.

प्रोजेक्ट त्याला सापडलं माझ्या ओट्यावर. पुरीम या आम्हा ज्यूंच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा निरोप, फोन वगैरे सोपस्कार करून आत आला, आणि ओट्यावर दिवा जळताना बघून विचारू लागला, कुणाचा?

मी सांगितलं, माझ्या आप्पांचा. आमच्यात गेलेल्या माणसाची तारीख हिब्रू महिन्याने पाळतात. त्या दिवशी घरात दिवा लावायचा आणि घरातल्या पुरुषाने सिनेगॉगमध्ये कद्दिशची प्रार्थना म्हणायची. आम्ही इकडे आलो तेव्हा आप्पा आले नाहीत. गावात आमच्या लोकांचं शेवटचं घर त्यांचं. मी म्हटलं चला, ते म्हणाले पुढल्या वर्षी, आणि ‘पुढलं वर्ष’ चार वेळा आलं. पंचाहत्तर साली शेजारच्या शाळामास्तरांचं पत्र आलं. वर तारीख नाही, टपालाचा शिक्का पुसट. लिहिलं होतं, की होळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तुमचे वडील गेले. आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळींनी पुरणपोळी नेऊन दिली तर आज नको म्हणाले. ताटाखाली पांढरी चादर अंथरून एकटेच बसले होते.

पुरणपोळीला नको म्हणणारे आप्पा मला माहीत नव्हते. चार पोळ्या खाऊन पाचवीला तोंडदेखलं नको म्हणायचे, तेवढंच. म्हणजे किती आजारी असतील, आणि जवळ कुणी नाही. ते एक वाक्य मी तीस वर्षं पोटात घेऊन होते, आणि दिवा लावताना दर वर्षी तेच आठवायचं.

नदावने मात्र दुसरंच उचललं. त्याने विचारलं, होळीची हिब्रू तारीख तुला कशी कळली? मी म्हटलं, त्यात काय कळायचं, होळी आणि पुरीम एकाच पौर्णिमेला येतात, गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तो खुर्चीवरून उठला. “म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांचं कॅलेंडरपण चंद्राचं?” मी हो म्हटलं, आणि त्या क्षणापासून त्याला वारं लागलं.

आमच्या सिनेगॉगच्या खालच्या हॉलमध्ये दर मंगळवारी म्हाताऱ्यांचा चहा असतो. नदाव तिथे लॅपटॉप घेऊन येऊ लागला. कळलं असं, की निम्म्या लोकांची आईबापांच्या तारखांची माझ्यासारखीच तऱ्हा. मोशेकाकांचे वडील गौरी जेवल्या त्या दिवशी गेले. रूथबाईंची आई कोजागिरीला. एका आजोबांनी सांगितलं, की आंब्याला मोहोर होता आणि कलेक्टरची लाँच आली होती, आता तुझं यंत्र काय म्हणतं बघू. नदाव सगळ्यांचं टिपून घ्यायचा. पुण्याच्या कुणा निवृत्त गणिताच्या मास्तरांशी त्याची ईमेलवर दोस्ती झाली, ते त्याला जुन्या पंचांगांचे आकडे पाठवायचे आणि मी ते संध्याकाळी वर बसून टायपायचे. सॉफ्टवेअरमध्ये एक यादी केली होती. नारळी पौर्णिमा, गौरी, कोजागिरी, होळी, आणि सगळ्यात खाली ‘भाताची लावणी चालू होती’. ती निवडली की उत्तराशेजारी ‘अंदाजे’ असं यायचं.

सहा महिने पोराने दुसऱ्या कशाला हात लावला नाही. बाजारात नवा फोन आला, मीच त्याला जाहिरात दाखवली, तर म्हणाला, नंतर.

हिवाळ्यात एका मंगळवारी उत्तरं निघाली. मोशेकाका पाळत आले ती तारीख दोन दिवसांनी चुकत होती. ते म्हणाले, बाप समजून घेईल. रूथबाईंची बरोबर निघाली आणि त्यांनी सगळ्यांना चहाबरोबर केक खिलवला. माझी पाळी आली तेव्हा नदावने बटण दाबलं, काचेकडे बघितलं आणि म्हणाला, सर्व्हर निजला. दुसऱ्या दिवशी त्याने कळवलं, की तुझी तारीख बरोबर आहे दोदा, अदार महिन्याची पंधरा, पुरीमचा दुसरा दिवस. हे त्याने ईमेलने कळवलं, आणि त्यानंतर आठवडाभर कोथिंबीर मागायलासुद्धा आला नाही. मला वाटलं, परीक्षेची धास्ती.

प्रोजेक्ट दाखवण्याच्या दिवशी खरोखरचा वापरणारा माणूस म्हणून मी त्याच्याबरोबर आगगाडीने गेले. कांजीवरम नेसले होते. कॉलेजात सगळी पोरं अर्ध्या चड्डीत आणि मी कांजीवरममध्ये, त्यामुळे मलाच प्राध्यापक समजून दोघा-तिघांनी वाट दिली.

नदाव छान बोलला. ओर्नाबाईंनी विचारलं, गौरी कोण, आणि त्या जेवल्या म्हणजे काय? त्याने ते असं समजावलं की सगळा वर्ग हसला आणि त्याही हसल्या. मग त्या म्हणाल्या, आता आतला प्रोग्रॅम दाखव. भिंतीवर इंग्रजी अक्षरांच्या ओळी सरकू लागल्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकाएकी बाई म्हणाल्या, थांब, ही ओळ कसली?

त्या ओळीत माझ्या आप्पांचं नाव होतं. दानियल राजपूरकर, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, भिंतीवर. आयुष्यभर टायपिंग केलेल्या बाईच्या नजरेतून नाव सुटत नाही.

ओर्नाबाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली. हे नाव आलं तर हिशोब करू नकोस, सरळ अदारची पंधरा सांग. त्या म्हणाल्या, म्हणजे इथे तुझा हिशोब चुकत होता आणि तू उत्तर हाताने भरलंस? नदावने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “हो. चूक होती. मला सापडली नाही, म्हणून झाकली.”

बीटा आहे, असंही म्हणाला नाही. बाईंचा चेहरा उतरला. चूक राहिली तर चालतं, लपवलेली चालत नाही, असं त्या म्हणाल्या. पदवी वाचली, पण अगदी काठावर. पोरगा खाली मान घालून वायरी गुंडाळत राहिला.

परतीच्या स्टेशनवर गाडीला वीस मिनिटं होती. मी त्याला बाकावर बसवलं आणि म्हटलं, माझ्या बापाचं नाव तिथे काय करत होतं ते सांग.

त्याने आधी हिब्रूत सांगितलं, भराभर, मग माझ्यासाठी पुन्हा मराठीत. दोन्ही कॅलेंडरांत दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येतो, पण दोघांचा एकाच वेळी येतोच असं नाही. पंचाहत्तर साली होळी आणि पुरीम एका पौर्णिमेला नव्हते. होळी एक महिना मागून आली. “त्या वर्षी होळी पेसाहला होती, दोदा. तुझे आप्पा सेदरच्या दुसऱ्या सकाळी गेले.”

पेसाह म्हणजे गुलामीतून सुटल्याचा आमचा सण, आणि सेदर म्हणजे त्याच्या पहिल्या रात्री ती गोष्ट पुस्तकातून वाचत केलेलं विधीचं जेवण. नदाव बोलतच होता, पकडला गेल्यासारखा. तू तीस वर्षं दिवा लावलास, मी दोन सेकंदांत त्याला खोटं ठरवायचं? मला नाही जमलं. म्हणून ओळ घातली. पदवी काय, नसती मिळाली तर नसती.

आणि मग मला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदमच. मी त्याला म्हटलं, अरे, सेदरच्या रात्री गव्हाची पोळी कशी खातील ते? पेसाहचे आठ दिवस आमच्या घरात असलं पीठ राहत नाही. म्हणून नको म्हणाले. मास्तरांना काय माहीत. पांढरी चादर अंथरून बसले होते ते आजारी म्हणून नाही, सेदरला बसले होते. माझ्या बापाने गावातला शेवटचा सेदर एकट्याने पुरा केला, आणि पहाटे गेला. त्याच रात्री मी इकडे सासरच्या माणसांत बसून तेच पुस्तक वाचत होते.

नदाव माझा हात धरून बसला. गाडी आली तेव्हा मी त्याला सांगितलं, की उद्या ती ओळ काढून टाक.

दुसऱ्या दिवशी मी ओर्नाबाईंना पत्र टायपलं, माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत, ‘रिस्पेक्टेड मॅडम’पासून. नदावला विचारलं नाही. त्यांनी गुण बदलले नाहीत, नियमात बसत नाही म्हणाल्या, पण फोन केला. त्यांची आजी बगदादची, जर्दाळू पिकले होते तेव्हा गेली, त्याचं काही करता येईल का असं विचारत होत्या.

पेसाह आठ दिवसांवर आला. कद्दिशचा प्रश्न होता. माझा नवरा होता तोवर तो म्हणायचा, तो गेल्यापासून आमचे हज्जान, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे, उपकार म्हणून म्हणत. मला मुली दोन, मुलगा नाही. नदाव म्हणाला, मी म्हणतो. जो तेराव्या वर्षीच्या बार मित्झ्वाच्या विधीनंतर सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर चढला नव्हता, तो हज्जानांकडे जाऊन विचारून आला. त्यांनी सांगितलं, ज्याचे आईबाप जिवंत आहेत त्याने कद्दिश म्हणायचा नसतो. म्हणायचाच तर दोघांची परवानगी हवी.

आईने कामाच्या मधल्या सुट्टीत एका मिनिटात हो म्हटलं. वडिलांचं अवघड होतं. सेगुलाबाई गेली तेव्हा कॅनडाहून मुलगा आला नव्हता, आईला माती द्यायलासुद्धा. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं नव्हतं. पोराच्या खोलीत जगाशी बोलायची पाच-सहा यंत्रं होती आणि चार वर्षांत त्यातल्या एकावरूनही त्याने बापाला हाक मारली नव्हती. मी म्हटलं, राहू दे बाळा, हज्जान म्हणतील.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला आणि माझा घरचा फोन वापरू का म्हणाला. स्वतःच्या फोनवरून करवत नव्हतं त्याला. पॅसेजमध्ये स्टुलावर बसून त्याने नंबर लावला. मी तांदूळ निवडत होते, ते निवडायचे थांबले.

“अबा, मी नदाव,” तो हिब्रूत बापाला म्हणाला. मग त्याने सांगितलं, खालच्या दोदाचे वडील, पेसाहची पहिली रात्र, परवानगी पाहिजे. फोनची वायर बोटाला गुंडाळत तो ऐकत राहिला. शेवटी ‘बरं’ म्हणाला आणि फोन ठेवला.

मी विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, हो म्हणाले. जेवतो का नीट ते विचारलं. मग म्हणाले, मी गेल्यावर माझा कद्दिश म्हणशील का.

“मग तू काय सांगितलंस?”

“काही नाही. ठेवला फोन.”

तो स्टुलावर तसाच बसला होता. चोवीस वर्षांचं दांडगं पोर, पण त्या वेळी फार लहान दिसलं. मी तांदळाचं ताट खाली ठेवलं, उठले आणि रिसिव्हर उचलून त्याच्या हातात दिला. म्हटलं, परत लाव, आणि हो म्हण. मला पत्रातून कळलं होतं, तुला तसं कळायला नको.

त्याने नंबर फिरवायला सुरुवात केली. मी स्वयंपाकघरात गेले आणि मागे दार ओढून घेतलं.